बटन बंद होतं

ता. २८ एप्रिल, सोमवार

उशीर झाला, वही. माफ कर. तेरा दिवस तुला हात लावला नाही. घर बांधलं तेव्हापासून तुझ्यासारख्या अकरा वह्या भरल्या. टाकी कधी धुतली, स्कूटरचं ऑइल कधी बदललं, पंख्याचं कंडेन्सर कधी टाकलं, सगळं लिहिलेलं आहे. एवढा खाडा कधी पडला नाही. लिहायचं काय आणि कुठून, तेच समजत नव्हतं.

ता. १५ ला दुपारी चारच्या सुमारास सौ.ला कूलरचा शॉक लागला. बाहेर ओट्यावर उभी राहून नळीनं कूलरमध्ये पाणी भरत होती. मागे फेकली गेली. ओट्यावरून खाली, अंगणातल्या फरशीवर. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. डाव्या हाताची तीन बोटं भाजली. मी आत झोपलो होतो. आवाजानं उठलो.

ऑपरेशन इथं अमरावतीतच झालं. नंतर मुलगी कल्पना तिला आपल्या घरी अकोल्याला घेऊन गेली. मला म्हणाली, "बाबा, तुमी एकटे काय करसान तिचं? तुमालेच कोणी पाहाले पाहिजे."

घरात मी एकटा. आज ४४ डिग्री. पंखा गरम हवा फेकतो. कूलर खिडकीत तसाच उभा आहे. प्लग काढून ठेवला आहे.

ता. २९ एप्रिल

पुण्याहून मुलाचा फोन. प्रफुल्ल. रागात होता. "चालू कूलरमध्ये पाणी टाकते म्हणजे काय? आईला इतकं समजू नये?"

मी म्हणालो, "मी दर उन्हाळ्यात सांगतो तिले. आधी बटन बंद कर, मग पाणी टाक."

हे खरं आहे. मी सांगत होतो.

संध्याकाळी अकोल्याला फोन लावला. सौ.चा आवाज बारीक झाला आहे. विचारलं, दुखतं का. म्हणाली, "दुखनं जाऊ द्या. पन म्या बटन बंद केलं होतं. पंखा थांबला तवाच नळी आत टाकली." मागून क. हसली. "आई रोज हेच म्हणते बाबा. बंद कूलरचा शॉक लागत असते का?"

फोन ठेवल्यावर भाकरी झाकून ठेवली.

ता. ३० एप्रिल

टाकीत पाणी उशिरा आलं. बॉल कॉक बदलायला झाला आहे. हात लावला नाही.

एक गोष्ट लिहायची आहे. उद्या लिहीन.

ता. १ मे

लिहिली नाही.

ता. २ मे

लिहितो.

मागच्या दिवाळीत प्र.नं मेन बोर्डात ट्रिपर बसवून घेतला. घरात कुठं करंट गळत असला की तो आपोआप खाली पडतो आणि लाइट जाते. माणूस वाचावा म्हणून. मार्चमध्ये मी कूलर काढला, घासला, रंग दिला, ताट्यांत नवीन गवत भरलं. खिडकीत लावला. बटन दाबलं की ट्रिपर खाली. वर केला, पुन्हा खाली. दोन दिवस हाच खेळ. सौ. घामानं भिजून जायची. मला वाटलं, ट्रिपरच खराब आहे. आजकालच्या वस्तू अशाच. पस्तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो, सातवीपर्यंतच शिकलो तरी मशीनचं मला समजतं, असं मी समजत होतो.

मग कूलर डायरेक्ट केला. म्हणजे ट्रिपरच्या अलीकडून, मीटरजवळच्या फ्यूजमधून, सरळ तार ओढली आणि कूलरच्या बोर्डाला दिली. घरात जुना गुंडाळा होता, दोन तारांचा. अर्थिंगची तिसरी तार त्यात नव्हती. ओढली नाही. कूलर चालला. सौ. ताटीसमोर येऊन बसली. म्हणाली, "जमलं बाप्पा तुमाले." मी खूश.

ट्रिपर बरोबर होता. कूलरच्या मोटरमध्ये करंट उतरत होता. हे मला १५ तारखेला संध्याकाळी, दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर समजलं. तोपर्यंत ती आत होती.

कोणाला सांगितलं नाही. पण बटनाचं तिचंच चुकलं. बटन बंद केलं असतं तर काही झालं नसतं. एवढं मात्र माझ्याकडून नाही.

ता. ४ मे

स्कूटर सुरू होईना. प्लग काढला, पुसला. मग मागच्या ब्रेकवर नजर गेली. त्याची वायर फेब्रुवारीत मीच बदलली होती. त्यानंतर सौ.ला मागे बसवून गुरुकुंज मोझरीपर्यंत गेलो आणि आलो. हायवेवर ट्रक लागून असतात. वायरचा नट नीट आवळला होता का? तेव्हा आवळला होता. आता पाहिला तर बरोबर आहे. तरी अर्धा तास ओट्यावर बसून राहिलो.

घरात अशा किती वस्तू आहेत. गॅसची नळी मी बदलली. गिझर मी जोडला. माळ्यावर चढायची शिडी मी वेल्डिंग करून आणली. सगळीकडे माझाच हात फिरलेला आहे.

गॅस बंद करून ठेवला. चहा प्यायला नाही.

ता. ६ मे

प्र.चा फोन. म्हणतो कूलर भंगारात द्या, एसी बसवतो. आणि घराची वायरिंग सगळी तपासून घ्या. सलीमभाईला सांगितलं आहे, शुक्रवारी येतो. सलीमभाई म्हणजे ज्यानं दिवाळीत ट्रिपर बसवला तो मिस्त्री.

मी म्हणालो, "कायले? मी पाहातो ना."

"बाबा, तुम्ही आता काही पाहू नका."

पुढे म्हणाला, "आईचं काही खरं नाही. कल्पनाताई सांगते, फार विसरते. परत तिथं आणून ठेवायचं म्हणजे रिस्क आहे. घराचं काय करायचं ते नंतर पाहू."

घराचं काय करायचं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

ता. ८ मे

उद्या सलीम येणार. माझी तार त्याला दिसेल. म्हणून सकाळी आठलाच काढायला बसलो. खोटं कशाला लिहू, लपवायलाच बसलो.

मेन बंद करण्याआधी सवयीनं टेस्टर घेतला. कूलरच्या बोर्डाचं बटन बंद होतं. बंद बटनाच्या प्लगमध्ये करंट नसतो. टेस्टर एका भोकात घातला. दिवा नाही. दुसऱ्यात घातला. दिवा लागला.

टेस्टर बिघडला असेल म्हणून दुसरा आणला. लागला. बटन चालू केलं, बंद केलं, पुन्हा घातला. लागला.

मेन बंद केला. बोर्ड उघडला. माझ्या गुंडाळ्यातल्या दोन्ही तारा काळ्या. मी कोणती कोणती ते न पाहता जोडल्या होत्या. उलट्या. जी तार बटनातून जायला पाहिजे ती सरळ प्लगला गेली होती, आणि परतीची तार बटनाला. असं झालं की बटन बंद केल्यावर पंखा थांबतो, पंप थांबतो, माणसाला वाटतं बंद झालं. पण करंट मोटरमध्ये तसाच उभा असतो. मोटरमधून पत्र्यात.

तिनं बटन बंद केलं होतं.

पंखा थांबला तवाच नळी आत टाकली, असं ती पहिल्या दिवसापासून म्हणते आहे.

तिथंच भिंतीला टेकून बसलो. किती वेळ, माहीत नाही. दूधवाला गेटवरून "काका, काका" करून निघून गेला.

नंतर उठलो. आणि तार काढलीच. जुनी लाइन होती तशी जोडून टाकली. गुंडाळा करून शेणखताच्या खड्ड्यात पुरला.

ता. ९ मे

सलीम आला. घराची वायरिंग सगळी तपासली. ट्रिपरचं बटन दाबून पाहिलं, पडला. चांगला आहे म्हणाला. मग कूलरला मीटर लावला. मान हलवली.

"काका, इसमें तो पूरा करंट उतर रहा है. उस दिन ट्रिपर गिरा नहीं?"

"नाही."

"गिरना चाहिए था."

त्यानं फ्यूजच्या डब्याकडे पाहिलं. तिथं तार काढल्याची ताजी खूण होती. स्क्रू चकाकत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग अवजारं पिशवीत भरायला लागला.

"चालू कूलर में पानी डाला होगा काकी ने?"

त्यानं मला वाट करून दिली. मी त्या वाटेनं गेलो. म्हणालो, "हो ना. किती सांगतलं तरी ऐकत नव्हती."

"अल्ला शिफा दे उनको, जल्दी ठीक हो जाएँ," म्हणाला आणि गेला. चहा घेतला नाही.

ता. १३ मे

स्कूटर नाक्यावरच्या गॅरेजात दिली. पूर्ण तपासायला. आजवर कधी दिली नाही. मिस्त्री हसला. "आज सूर्य कोणीकडून उगवला काकाजी? तुमी तं आमाले शिकवता." मी म्हणालो, माझ्या हाताचा भरोसा नाही राहिला. त्याला वाटलं मी वयाचं बोलतो आहे.

ता. १९ मे

क.चा फोन. सौ.ला डोक्याच्या डॉक्टरकडे दाखवायचं ठरवलं आहे. परवाचा नंबर लागला. "ती सारखी त्या बटनाचंच घेऊन बसली बाबा. बंद केलं होतं, बंद केलं होतं. एवढी मोठी गोष्ट घडली आणि तिले आठवतच नाही. प्रफुल्ल म्हणतो दाखवून टाक."

मी म्हणालो, येतो.

प्रत्यक्ष सांगायचं ठरवलं आहे. फोनवर नाही. तिच्यासमोर.

ता. २० मे, अकोला

सकाळच्या बसनं निघालो. मूर्तिजापूरपर्यंत उभा. खिडकीतून भाजणारी हवा. रस्ताभर वाक्य जुळवत होतो. "हे पाह्य, त्या दिवशीचं सांगायचं आहे." एवढं जुळलं. पुढचं नाही.

सौ. पलंगावर बसलेली. वॉकर बाजूला. केस पांढरे झाल्यासारखे दिसले, की आधीच होते. मला पाहून म्हणाली, "वाळले किती हो. जेवता का नाई?"

क.नं सैपाकघराला कडी घातली आहे. आईनं गॅसजवळ जाऊ नये म्हणून. सौ.च्या खोलीतल्या प्लगांवर चिकटपट्टी लावली आहे. लहान पोरांच्या घरात लावतात तशी.

दुपारी क. बाजारात गेली होती, जावई कामावर. आम्ही दोघंच. पंखा फिरत होता. टेबलफॅन बंद होता. सौ. म्हणाली, "ते बटन पाहा बरं, बंद आहे का?"

"आहे."

"हात लावून पाहा. माह्या डोळ्यावर भरोसा नाई मले."

उठलो, हात लावला. बंद आहे म्हणालो. पाच मिनिटांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी अंगावर ओरडलो, "एकदा सांगतलं ना!"

ती दचकली. नंतर म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. मी असंच करते आता."

हे पाह्य, त्या दिवशीचं. हे ओठावर होतं. क. आली तेवढ्यात.

ता. २१ मे, अकोला

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. घाई करत नव्हत्या. सौ.ला आजची तारीख विचारली, बरोबर सांगितली. घड्याळ काढायला लावलं. भाजलेल्या हातानं कागद धरला, नीट काढलं. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. आंबा, खुर्ची, नदी. थोड्या वेळानं विचारलं तर तिला आंबा आणि नदी आठवले. मला एकही आठवला नव्हता, आता क.नं सांगितले म्हणून लिहितो.

मग क.नं कूलरचं सांगितलं. बटन चालू होतं, आणि ही म्हणते बंद होतं, आणि त्यावर अडूनच बसते.

डॉक्टरीणबाईंनी सौ.ला विचारलं, "आजी, नक्की काय आठवतं?"

सौ.नं आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले वाटते म्या बंद केलं होतं. पंखा थांबल्यासारखा वाटला होता. पन आता सारेच म्हनतात तं नसीन केलं. माहंच डोकं."

"काका, तुम्ही घरात होते ना?"

"झोपलो होतो."

"त्याच्या आधी कधी असं विसरणं व्हायचं?"

इथं मी बोलायला पाहिजे होतं. चार माणसं त्या खोलीत. चार वाक्यं पुरली असती.

मी म्हणालो, "थोडं व्हायचं. दूध उतू जायचं."

बाईंनी ते लिहून घेतलं. दूध कोणाच्या घरी उतू जात नाही. माझ्याच हातून जास्त जायचं.

गोळ्या दिल्या. सकाळ-संध्याकाळ. एक महिन्यानं पुन्हा बोलावलं. बाहेर आल्यावर सौ. रिक्षात माझ्या बाजूला बसली. हळूच म्हणाली, "मी येडी होऊन राहिली का हो?"

नाही म्हणालो. एवढंच म्हणालो.

ता. २२ मे

परत आलो. घर बंद होतं त्याचा वास. टाकी वाहून अंगण ओलं. बॉल कॉक.

ता. २६ मे

फोन केला. क. म्हणाली, "झोपली आहे. गोळीनं लई झोपते. पण आता बरं आहे बाबा, बटनाचं काढत नाही."

"काढत नाही?"

"नाही. काल स्वतःच म्हणाली, माझीच चूक होती."

मी म्हणालो, "कल्पना, ऐक. त्या कूलरचं असं आहे..."

"बाबा, आता जाऊ द्या ना त्या कूलरचं. झालं ते झालं. कोणी तिले दोष देऊन नाई राहिलं."

फोन कट झाला की तिनं ठेवला, माहीत नाही. पुन्हा लावला नाही.

ता. २७ मे

प्र. जूनमध्ये येणार. घर भाड्यानं द्यायचं म्हणतो, आणि मी एक महिना पुण्याला, एक महिना अकोल्याला. मी हो म्हणालो. हो म्हणायला मला काही लागत नाही, असं दिसतं.

दुपारी खड्ड्यातून तारेचा गुंडाळा उकरून काढला. नळाखाली धुतला. टेबलावर ठेवला आहे.

ता. २९ मे, गुरुवार

जावई लग्नासाठी अमरावतीत आले आहेत. संध्याकाळी परत जाताना घरावरून जाणार. त्यांच्याजवळ ही वही देतो आहे. तारही देतो. सांगणार आहे, वाचू नका, सरळ तिच्या हातात द्या. वाचली तरी वाचोत.

आता हे वहीला नाही, तुला लिहितो. तू मॅट्रिक झालेली, माझे ऱ्हस्व-दीर्घ तूच पाहायचीस. आज पाहू नको.

तोंडानं सांगायची दोनदा वेळ आली आणि दोन्ही वेळा तुझ्यावरच टाकून मोकळा झालो. एकदा सलीमसमोर. एकदा डॉक्टरीणबाईंसमोर, तू समोर बसलेली असताना. म्हणून लिहून देतो. लिहिलेलं मला परत गिळता येणार नाही.

२ मे आणि ८ मेची पानं वाच. गोळी घेतली असशील तर उद्या सकाळी, गोळीच्या आधी वाच. समजलं नाही तर पुन्हा वाच. तारा मी उलट्या जोडल्या. त्या कूलरचं बटन बंद केल्यानं काहीच बंद होत नव्हतं. तू बंद केलं होतंस. पंखा थांबलेला तुला बरोबर आठवतं. तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही. झालं असेल तर ते या दीड महिन्यात आम्ही केलं, आणि सगळ्यात जास्त मी.

ही पानं क.ला वाचून दाखव. तिला सांग, प्र.लाही फोनवर वाचून दाखव. डॉक्टरीणबाईंकडे वही घेऊन जा. दुधाचं मी खोटं सांगितलं, तेही त्यांना दाखव. गोळ्यांचं काय करायचं ते त्या ठरवतील, तू आपल्या मनानं बंद करू नको.

घरी ये म्हणत नाही. म्हणायला तोंड नाही. इथली वायरिंग सलीमनं पूर्ण तपासली आहे, मी आता कशाला हात लावत नाही, एवढं फक्त कळवतो.

शिव्या दे. बोलू नको म्हण. पण काय ते कळव. क.ला सांगून फोन कर, नाहीतर चिठ्ठी पाठव, दोन ओळींची. मी फोन उशाशी घेऊन बसलो आहे. वाचलंस एवढं तरी कळव. लवकर कळव.